शिष्यवृत्तीची वसुली कोणाकडून?

शिष्यवृत्ती चुकून जास्त दिली गेली, ती परत भरा, असे फर्मान विद्यार्थ्याच्या हाती पडते तेव्हा चूक कोणाची, हे कोणी विचारीत नाही. अर्ज महाविद्यालय तपासते, सिंधुदुर्गनगरीचे समाजकल्याण कार्यालय मंजूर करते. भुर्दंड मात्र आंबोलीहून एस.टी.ने सावंतवाडीला शिकायला येणाऱ्या पोराने सोसायचा! त्याचा निर्वाह भत्ता प्रवासात आणि वह्यापुस्तकांत केव्हाच संपलेला असतो.

‘सार्वजनिक पैसा बुडू द्यायचा काय?’ असा सवाल केला जाईल. सर्वोच्च न्यायालयाने रफीक मसीह खटल्यात १८ डिसेंबर २०१४ रोजी त्याचे उत्तर दिले आहे. तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना चुकीने दिलेले जादा वेतन वसूल करता येणार नाही. कारण अशा वसुलीचा जाच मालकाच्या हक्काहून भारी ठरतो. निर्णय नोकरदारांपुरता आहे, हे खरे. पण पगारदाराला जो न्याय, तो बिनपगारी विद्यार्थ्याला का नसावा?

खोटे दाखले जोडणाऱ्यांकडून आणि बोगस विद्यार्थी दाखविणाऱ्या संस्थांकडून पै न पै वसूल करावी. प्रामाणिक विद्यार्थ्याला मात्र आधी हिशेब दाखवावा, त्याचे म्हणणे ऐकावे आणि कचेरीच्या चुकीचा बोजा कचेरीनेच उचलावा. शिष्यवृत्ती हा हक्क आहे. सावकाराचे कर्ज नव्हे.