लय वाढली कीं षड्ज चढतो

‘डीजे’ हा शब्द आपल्याकडे मिरवणुकींतील कर्ण्यांच्या भिंतीस लावण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः तो तबकड्या वाजविणाऱ्या मनुष्याचा वाचक होय. एक गाणें संपण्यापूर्वींच दुसरें त्यांत बेमालूम मिसळावयाचें, ही त्याची विद्या. आणि ठेका तुटूं नये म्हणून दोहोंची लय त्यास एक करून घ्यावी लागते. (गोंगाटाविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊक आहेच; त्याचा येथें विचार नाहीं.)

आतां तबकडीवर लय आणि स्वर यांची गांठ पक्की बांधलेली असते. ती शेंकडा सहा जलद फिरविली, कीं सेकंदास ४४० आंदोलनें देणारा स्वर सुमारें ४६६ देऊं लागतो; म्हणजे पेटीवरील पांढरी सहाची काळी पांच होते. मिनिटास १२० ठोक्यांचें गाणें १२७ वर नेलें, कीं तें अर्धस्वर चढलेंच. १९७९ सालच्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या यंत्रावर वेग शेंकडा आठपर्यंत वरखालीं करणारी सरकती कळ होती. तेवढ्यानें षड्ज अर्धस्वराहूनही अधिक हलतो.

समजा, १२७ ठोक्यांचें एक गाणें पांढरी चारचें आहे आणि १२० चें दुसरेंही पांढरी चारचेंच. लय जुळली त्याच क्षणीं षड्ज फाटतात, व दोन गाणीं एकत्र वाजतात तेवढा वेळ कानांत वाळू पडल्यासारखें होतें. तयार कानाचा डीजे येथें १२० चें गाणें पांढरी तीनचें निवडतो. वेग वाढतांच तें पांढरी चारवर येऊन बसतें. हें कौशल्यच होय, त्यास नाकें मुरडण्याचें कारण नाहीं.

संगणकानें ही गांठ सोडविली आहे. ध्वनीचे सूक्ष्म तुकडे करून ते एकमेकांवर कमीअधिक सरकवितात, म्हणजे लय बदलून षड्ज जागींच राहतो. आपला गवई विलंबितांतून द्रुतांत जातो तेव्हां तंबोरा कोठें चढतो? मात्र यंत्रानें वेग फार ओढला, कीं तबल्याच्या आघाताची धार बोथट होते.

आम्हांस खरी काळजी वाटते ती जुन्या ध्वनिमुद्रिकांची. १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां तबकड्यांचा वेग ७८ फेऱ्यांवर स्थिर झालेला नव्हता. ७४ फेऱ्यांवर घेतलेली तबकडी ७८ वर वाजविली, तर गायकाची पट्टी जवळजवळ अर्धस्वर चढते, तानाही अधिक चपळ भासतात. आणि विद्यार्थी तेंच प्रमाण मानून गळा ताणतो. घरच्या तबकड्या संगणकांत उतरवून घेणाऱ्यांनीं साथीच्या पेटीकडे कान द्यावा. तिचा स्वर दोन पट्ट्यांच्या मध्यें लोंबकळत असेल, तर आधीं वेगाविषयीं संशय धरावा.