माती आणि पाणी

दोस्तांनो, ग्रीक-इराणी लढाया तुम्ही शाळेत घोकल्यात. इ.स.पू. 490 मॅरेथॉन, 480 थर्मोपिली, 479 प्लाटिया. तीनशे स्पार्टन आणि समोर झर्क्सिसची अफाट फौज. त्यावर सिनेमे निघाले, पोरांनी छात्या फुगवल्या. मी उजनीकाठचा माणूस. मला त्यात दुसरंच दिसतं.

इराणच्या बादशहाचा दूत दोनच वस्तू मागायचा, माती आणि पाणी. दिली की तुम्ही मांडलिक. स्पार्टानं दूतांना विहिरीत ढकललं, म्हणाले, घ्या तिथंच. आमच्याकडं भीमा अडवली, 1980 साली धरण पुरं झालं. माती मागायला आले ते कागद घेऊन आले. आम्ही कुणाला विहिरीत ढकललं नाही. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नाही, ते ढकलणार कुठून? माती बुडाली. पाणी उसाला गेलं.

पण स्पार्टालाही डोक्यावर घेऊ नका. त्या शूरांची शेती कसायचे हेलट. स्पार्टाचे अधिकारी दरसाल हेलटांविरुद्ध युद्ध पुकारायचे, म्हणजे हेलट मारला तर पाप लागत नाही. केवढा धर्म! हेरोडोटस लिहितो, प्लाटियाला 5,000 स्पार्टन होते आणि दर माणशी सात हेलट. म्हणजे 35,000. जिंकल्यावर मुडदे पुरले, तेव्हा हेलटांची कबर वेगळी. आपला वेगळा मसणवटा आठवला? थर्मोपिलीतही हेलट मेले. तीनशेच्या आकड्यात ते नाहीत.

पुढच्या एका युद्धात स्पार्टानं सांगितलं, ज्यांनी मर्दुमकी गाजवली त्यांनी पुढं यावं, मोकळं करतो. दोनेक हजार निवडले, हार घालून देवळांभोवती फिरवले. मग ते गायब झाले.

आता आपल्या भीमेवर या. धरणाच्या वरच्या अंगाला कोरेगाव. 1 जानेवारी 1818. कंपनीची आठ-नऊशे माणसं पेशव्याच्या मोठ्या फौजेपुढं दिवसभर तगली. त्यांत महार होते, इतर जातीधर्माचेही होते. स्तंभावर कंपनीच्या मेलेल्या 49 जणांची नावं, त्यांतली 22 'नाक' शेवटाची. पेशवाई बुडाली याचं मला दुःख नाही. पण त्याच इंग्रजानं 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. दगडावर नाव ठेवलं, हातातली बंदूक काढून घेतली.

हेलट मोकळे झाले ते मालकासाठी मरून नाही. प्लाटियानंतर पंधराएक वर्षांनी भूकंप झाला, ती संधी साधून ते उठले, इथोमीच्या डोंगरावर जाऊन बसले. त्यांचा मेसेनिया सुटायला इ.स.पू. 369 उजाडलं.

बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. 20 मार्चला महाडच्या तळ्यावर. तीन महिन्यांत दगडाकडून पाण्याकडं! आपण दरसाल स्तंभाला जातो आणि परत येऊन धरणाच्या काठावर गप बसतो.

तीनशे होते की पाचशे, ही भांडणं पुरे. माती कुणाची बुडाली आणि पाणी कुणाच्या पाइपात गेलं, हा हिशेब मागा. ती लढाई आपली आहे, आणि ती अजून सुरूच केलेली नाही.