नामशेषांचीही नोंद

सस्तन प्राण्यांच्या २०१८ सालच्या जागतिक यादीत ६,४९५ जाती आहेत. त्यांतल्या ९६ अलीकडच्या शतकांत नामशेष झालेल्या. टास्मानियाचा थायलसिन त्यांपैकीच एक. तोंडवळा कुत्र्याचा, पाठीवर वाघासारखे पट्टे. पण मादीच्या पोटाला मागच्या बाजूने उघडणारी पिशवी. म्हणून वर्गीकरणात त्याची जागा कांगारूंबरोबर, शिशुधान प्राण्यांत. शास्त्रात त्याची नोंद १८०८ सालीच झाली. कायद्याचं संरक्षण मात्र जुलै १९३६ मध्ये मिळालं आणि त्याच वर्षी ७ सप्टेंबरला शेवटचा ज्ञात थायलसिन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. कोणाला वाचवायचं, हे वर्गीकरणामुळे कळतं. वाचवण्याची जबाबदारी उरते ती आपल्यावर. वाचकहो, या अंकातली प्रत्येक नोंद त्या जबाबदारीच्या जाणिवेने वाचावी, ही विनंती.