संगणकाची दुय्यम किल्ली

बँकेच्या शाखेत तिजोरीच्या किल्ल्यांचे दोन संच असतात. एक रोजच्या वापरात राहतो. दुसरा, म्हणजे दुय्यम संच, त्या शाखेत ठेवला जात नाही. तो मोहोरबंद करून अन्यत्र, बहुधा दुसऱ्या शाखेकडे, सुपूर्द केला जातो. ज्या आपत्तीत पहिला संच जाईल, तीत दुसराही जाऊ नये, एवढाच त्यामागील हेतू.

घरच्या संगणकाबाबत हा विचार क्वचितच होतो. एके काळी रोजमेळ आणि खतावणी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे. आज ती टॅलीच्या एका फोल्डरमध्ये असते. घराच्या खरेदीखताची स्कॅन केलेली प्रत, विम्याचे कागद, आजी-आजोबांची छायाचित्रे, कन्येच्या विवाहाचे चित्रण, हे सारेही त्याच संगणकातील तळहाताएवढ्या डिस्कवर साठलेले असते. वहीला वाळवी लागली तरी काही पाने हाती उरतात. डिस्क बिघडली की अनेकदा सारेच एकदम जाते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. २०२३-२४ या वर्षासाठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. त्या वर्षाच्या नोंदी किमान ३१ डिसेंबर २०३० पर्यंत उपलब्ध हव्यात. अपील प्रलंबित असल्यास ही मुदत आणखी लांबू शकते. याच कायद्याखालील नियम ५७ तर स्पष्टच सांगतो की, संगणकीय नोंदींची प्रत अशा रीतीने जपावी की अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या, तरी वाजवी काळात त्या पुन्हा उभ्या करता याव्यात. ‘संगणक बिघडला’ हे उत्तर तेथे पुरेसे नाही.

उपाय साधा आहे. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एक घरी कपाटात असावी, दुसरी नातलगाच्या घरी अथवा बँकेच्या लॉकरमध्ये. खाली दुकान व वर घर अशी वास्तू असेल, तर ती दोन ठिकाणे नव्हेत, एकच होय. आठवड्यातून एकदा घरच्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि महिन्याला दोन्ही डिस्कची अदलाबदल करावी. टॅलीची प्रत तिच्यातील बॅकअपच्या सोयीनेच घ्यावी.

यात काही चुका नेहमी आढळतात. पहिली, डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवणे. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारा विषाणू जोडलेल्या डिस्कवरील प्रतही कुलूपबंद करतो. म्हणून काम होताच ती रीतसर ‘इजेक्ट’ करून काढून ठेवावी. दुसरी, दरवेळी जुन्या प्रतीवरच नवी प्रत चढवणे. चुकून पुसली गेलेली नोंद महिन्यानंतर लक्षात आली, तर तोवर चांगली प्रतही उरलेली नसते. यासाठी तारखेचे नाव दिलेला निराळा फोल्डर करावा. तिसरी, पेनड्राइव्हवर विसंबणे. तो ने-आण करण्यास ठीक. पण सहज हरवतो आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातील माहिती टिकेलच याची खात्री नसते. बाहेर ठेवायच्या डिस्कला पासवर्डचे संरक्षण हवे आणि तो पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक हवा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत कधी उघडूनच न पाहणे. न तपासलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी आहे. पुस्तकात शिल्लक दिसते, पेटीत असेलच असे नाही. वर्षातून दोनदा तरी ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी, गतवर्षीचा ताळेबंद उघडावा, एखादे जुने छायाचित्र पाहावे.

३१ मार्च हा दिवस अनेक देशांत ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस, तेव्हा वेगळी आठवण ठेवण्याचे कारण नाही. दुसरा दिवस दीपावलीच्या वहीपूजनाचा असावा. नव्या वहीवर कुंकू वाहण्यापूर्वी जुनी वही सुखरूप आहे ना, हे पाहून घेणे त्या दिवसास शोभणारेच आहे.