वजन उचलू नका. मग उचलणार कोण?

'मानेच्या मणक्यांची झीज झाली आहे. वजन उचलू नका, मान वाकवून काम करू नका, आराम करा.' मान दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला हा सल्ला हमखास मिळतो. सल्ल्यात चूक नाही. पण जिच्या घरी पाणी भरायला दुसरं कोणी उठत नाही, तिने तो पाळायचा कसा?

मैत्रिणींनो, आधी दुखणं समजून घेऊ या. मानेत ७ मणके असतात. वयानुसार त्यांच्यामधल्या चकत्यांतलं पाणी कमी होतं, सांधे झिजतात, कडेला हाडाची टोकं वाढतात. यालाच सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस म्हणतात. साठी ओलांडलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांच्या एक्स-रेमध्ये अशी झीज दिसते, आणि त्यांतल्या अनेकांना काहीच त्रास नसतो. म्हणजे नुसत्या झिजेवरून वेदना ठरत नाही. तासन् तास वाकलेली मान, डोक्यावरचं ओझं, अपुरी झोप, मनावरचा ताण यांचाही त्यात वाटा असतो. 'वय झालं' म्हणून विषय संपवला की हे सगळं नजरेआड होतं.

सोलापूरची विडी कामगार बाई मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. मान वर केली की मजुरी बुडते. चुंबळीवर १५ लिटरचा हंडा घेणारीच्या मानेवर नुसत्या पाण्याचेच १५ किलो येतात. ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. घरासाठी हंडे वाहणारीचं ओझं मात्र कुठल्याच हिशेबात नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. यात 'आराम' बसवायचा कुठे?

या दुखण्यावर उपाय आहेत, आणि बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही. शेक घ्यावा. कपाळावर तळहात टेकवून, मान न हलवता, एकमेकांवर हलका दाब देण्यासारखे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून नियमित करावेत. मानेचा पट्टा थोडे दिवसच वापरावा. महिनोन् महिने लावला तर स्नायू दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून रोज घेत राहू नये. त्यांतल्या अनेक गोळ्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम करतात. कॅल्शियमने ही झीज भरून येत नाही. मानेला झटके देणाऱ्यांपासून दूरच राहावं. हाताला मुंग्या येणं हे शीर दबल्याचं लक्षण असू शकतं. ते तपासून घ्यावं. पण हातातली शक्ती कमी होणं, ब्लाऊजची हुकं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काही दिसलं तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावं. मज्जारज्जूवर दाब असेल तर ऑपरेशन लागू शकतं, आणि उशीर महागात पडतो.

मात्र व्यायामाची १५ मिनिटंसुद्धा कोणीतरी मोकळी करून द्यावी लागतात. म्हणून मानेचं दुखणं एकटीने निस्तरायची खाजगी बाब नव्हे. घरात पाणी पुरुषांनी आणि मुलग्यांनीही भरावं. ग्रामसभेत नळाची मागणी करताना ती आरोग्याची मागणी म्हणूनही मांडावी. विडी आणि शिलाईच्या कामात मजुरी न कापता विश्रांती मिळावी. आपल्या गटांच्या आरोग्य शिबिरांत रक्तदाबासोबत मान, पाठ आणि खांद्यांचीही चौकशी व्हावी, आणि 'दिवसभर काय काम करता?' हा प्रश्न प्रत्येकीला विचारला जावा.

डॉक्टरांची चिठ्ठी बाईच्या नावाने निघते. तिच्यावर लिहिलेलं पथ्य मात्र सगळ्या घराने आणि गावाने पाळायचं आहे.