सुरांची रोजकीर्द



ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजेच श्रुतपंचमी, जवळ आली की मंदिरातील ग्रंथांची कपाटे उघडली जातात. पोथ्यांवरची धूळ झटकली जाते, वेष्टने बदलली जातात, जिनवाणीची पूजा होते. गिरनारच्या चंद्रगुंफेत आचार्य धरसेनांनी आपल्याजवळचे श्रुतज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना दिले व त्यांनी ते षट्खंडागमाच्या रूपाने ग्रंथबद्ध केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्मरणशक्ती क्षीण होत चालली, तेव्हा कंठातले ज्ञान लिहून ठेवणे भाग पडले. या वर्षी ही कथा मला एका अगदी घरगुती प्रसंगाने पुन्हा आठवली. त्या प्रसंगात ताडपत्राच्या जागी लॅपटॉप होता आणि लेखणीच्या जागी माझ्या नातीचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड.

माझ्या थोरल्या वहिनी आज ७९ वर्षांच्या आहेत. दशलक्षण पर्वात गावच्या मंदिरात पूजेची अष्टके त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे सांगितली. शब्द त्यांच्या वहीत आहेत. चाली मात्र कुठेच लिहिलेल्या नाहीत. काही त्यांना सासूबाईंकडून, म्हणजे माझ्या आईकडून मिळाल्या, काही त्यांनी माहेराहून आणल्या. गेल्या भाद्रपदात त्यांना पूजेला दोन दिवसांपेक्षा अधिक बसवले नाही. तिसऱ्या दिवसापासून महिला मंडळाने एका चित्रपटगीताच्या चालीवर अष्टक म्हटले. यात कोणाचाच दोष नव्हता. मूळ चाल कोणालाच पुरती येत नव्हती. वहिनी घरी पलंगावर पडून ध्वनिक्षेपकावरून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, “भाऊजी, शब्द आपलेच हाईत, पण पूजा दुसऱ्याच्या घरातली वाटती.”

त्यांच्या चाली जतन करायच्या असे आम्ही त्याच दिवशी ठरविले. प्रथम अर्थातच मोबाईलवर ध्वनिमुद्रण केले. ते मोलाचे आहेच. परंतु त्यावरून मुलींना शिकता येईना. वहिनींचा आवाज आता कापतो, सूर काळी दोनच्याही खाली उतरू पाहतो, आणि नेमका कोणता स्वर लागला हे नव्या कानांना कळत नाही. प्रत्येक स्वर सुटा ऐकता यावा, गती कमी करता यावी, पट्टी बदलता यावी, अशी काही सोय हवी होती. नववीत शिकणारी नात म्हणाली, “आजोबा, कीबोर्ड लॅपटॉपला जोडू या.” वाक्य सोपे होते. ते प्रत्यक्षात यायला आम्हाला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे आपले वाचावेत, म्हणून आमच्या चुका येथे क्रमाने मांडतो.

पहिली चूक माझी. कीबोर्डच्या हेडफोनच्या छिद्रातून एक तार काढून मी ती लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात घातली. आवाज आला, पण फाटका आला; आणि त्यातून स्वर सुटे करता येईनात. कारण त्या तारेतून केवळ आवाज जातो, आणि माइकच्या छिद्राला इतक्या मोठ्या आवाजाची सवय नसते. आम्हाला हवे होते ते ‘मिडी’. ही आवाजाची नव्हे, नोंदींची भाषा आहे.

माझे सारे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे ही गोष्ट मला व्हाउचरच्या उदाहरणाने समजली. व्हाउचरमध्ये पैसा नसतो; कोणाच्या खात्यावर, किती आणि केव्हा, एवढेच असते. तसेच येथे. पट्टी दाबली की तारेतून एक नोंद जाते : अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने दाबली. बोट उचलले की दुसरी नोंद जाते : ती पट्टी सुटली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. कीबोर्डच्या मध्यावरील पांढरी एक, जिला पाश्चात्त्य मधला सी म्हणतात, तिचा क्रमांक ६०. नेहमीच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर ३६ पासून ९६ पर्यंतचे क्रमांक येतात. जोराचे मापही १२७ पर्यंतच. या नोंदी एकाखाली एक, वेळेसह साठल्या की चालीची रोजकीर्द तयार होते. आवाजच साठवायचा तर चांगल्या प्रतीच्या, न दाबलेल्या ध्वनिमुद्रणाला मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. या नोंदींना पूर्ण अष्टकासाठीही काही केबी पुरतात.

या भाषेचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचे विद्युत वाद्य आपापल्या भाषेत बोलत असे. जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेच्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ या दोन प्रतिस्पर्ध्यांनी समान भाषेसाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात दोन्ही कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. ही भाषा वापरण्यासाठी शुल्क आकारायचे नाही, असे ठरले. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांना यासाठी तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला. एकाने ज्ञान राखून ठेवले असते तर ते त्याच्याच दुकानात राहिले असते. मोकळे सोडल्यामुळे आज ते आपल्या गावच्या अष्टकांच्या उपयोगी पडले.

दुसरी अडचण तारेची. कीबोर्डच्या मागे जवळजवळ चौकोनी तोंडाचे यूएसबी छिद्र होते. त्यासाठी संगीताची खास तार लागत असेल, या समजुतीने मी दोन दुकाने पालथी घातली. शेवटी कळले की ही तर छपाईयंत्राचीच तार. आमच्या जुन्या प्रिंटरची तार माळ्यावर सापडली आणि काम झाले. ज्यांच्या कीबोर्डला मोबाईलसारखे लहान तोंड आहे, त्यांनी एक काळजी घ्यावी. काही तारा केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांतून नोंदी जात नाहीत. जुन्या कीबोर्डला पाच टाचण्यांची गोल छिद्रे असतात; त्यासाठी मिडी व यूएसबी यांना सांधणारे छोटे उपकरण बाजारात मिळते. त्यात एवढेच पाहावे की कीबोर्डच्या ‘आउट’मधून निघालेली नोंद लॅपटॉपकडे जाणाऱ्या ‘इन’मध्ये पोचली पाहिजे.

तिसरा टप्पा शांततेचा. तार जोडली, दिवे लागले, पट्ट्या दाबल्या, लॅपटॉप मूक. आम्ही कीबोर्डलाच दोष देत बसलो. वास्तविक नोंदी पोचत होत्या, परंतु त्या वाजवायच्या कोणत्या वाद्यात हे लॅपटॉपला सांगितलेले नव्हते. व्हाउचर आले, पण खातेच उघडलेले नाही, अशी स्थिती. ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड मोफत मिळते. विंडोजवरही मिडी स्वीकारणाऱ्या अनेक मोफत प्रणाली आहेत. त्यांपैकी एखादी घ्यावी. आधी कीबोर्ड जोडून चालू करावा आणि मगच ती प्रणाली उघडावी, कारण पुष्कळ प्रणाली उघडतानाच जोडलेली उपकरणे शोधतात. नंतर सेटिंगमध्ये ‘इनपुट’ म्हणून कीबोर्ड निवडावा, एक वाद्य निवडावे (आम्ही पियानो घेतला) आणि ती पट्टी मुद्रणासाठी सज्ज करावी.

आवाज आला, तोही दुहेरी. एक कीबोर्डचा, एक लॅपटॉपचा. कीबोर्डचा आवाज शून्यावर आणल्यावर ते मिटले. मग लक्षात आले की पट्टी दाबल्यानंतर आवाज काहीसा उशिरा येतो. नातीने कानात बिनतारी हेडफोन घातले होते. मोठा उशीर त्यांचा होता. तारेचे हेडफोन लावताच बराच फरक पडला. उरलेला उशीर लॅपटॉपचा. आवाज बाहेर सोडण्यापूर्वी संगणक त्याचा थोडा साठा करतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. नेहमीच्या ४४,१०० नमुन्यांच्या वेगाला १०२४ चा बफर ठेवला तर सुमारे २३ सहस्रांश सेकंदांचा उशीर होतो, २५६ चा ठेवला तर सुमारे ६ चा. विंडोजवर असिओ पद्धतीचा मोफत ड्रायव्हर घालून आम्ही बफर २५६ वर आणला. त्याहून कमी केल्यावर आवाजात खरखर येऊ लागली, म्हणून तेथेच थांबलो.

यानंतर खरे काम सुरू झाले. रोज दुपारी विश्रांतीनंतर वहिनी एक ओळ म्हणत, नात ती शोधून वाजवी, वहिनी मान हलवीत किंवा हात वर करीत. ओळ जमली की वहिनींच्या गाण्याबरोबर पूर्ण कडवे वाजवून मुद्रित करायचे. पडद्यावर प्रत्येक स्वराची एक आडवी पट्टी उमटे. लांब स्वराची लांब, आखूड स्वराची आखूड. ‘अक्षत’च्या कडव्यात वहिनी ऋषभावर किती थांबतात, हे मला इतक्या वर्षांत प्रथमच डोळ्यांनी दिसले. मुलींना काळी चारमध्ये गाणे सोयीचे. वहिनी गातात काळी दोनमध्ये. प्रणालीतील ‘ट्रान्स्पोज’ची आज्ञा देऊन प्रत्येक क्रमांकात ५ मिळविले की तीच चाल काळी चारमध्ये वाजू लागते. ही बेरीज पाहून मला किती समाधान झाले, हे माझ्यासारख्या हिशेबी माणसालाच कळेल.

एके दिवशी नातीने पाच कडवी ‘नीट’ करून वहिनींना ऐकविली. ठोक्यापासून थोडे मागेपुढे झालेले स्वर आपोआप ठोक्यावर बसविण्याची एक आज्ञा असते. तिला क्वांटाइझ म्हणतात. ती तिने दिली होती. शिवाय प्रत्येक कडव्यात शेवटच्या ओळीपूर्वी तीन मात्रांची रिकामी जागा राहत होती. मोठ्या आजीला दम लागतो म्हणून ती राहिली असेल, असे समजून तिने पुढचे स्वर मागे ओढून आठ मात्रांचा हिशेब जुळविला होता. चाल आता घड्याळासारखी चालत होती. वहिनींनी दोन कडवी ऐकली आणि विचारले, “माझी जागा कुठं गेली?”

नात म्हणाली, “तिथं तुम्ही श्वास घेत होता ना, मोठी आजी?”

“श्वास न्हवं बाळ. मागं बसलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातात ताटातलं द्रव्य यायला येळ लागतोय. शेवटची ओळ सरली की लगेच मंत्र येतोय. तवर समद्यांच्या हातात द्रव्य नको? आत्याबाईंनी मला हे पयल्याच वर्षी सांगितलं हुतं.”

आम्ही दोघे काहीच बोललो नाही. ती जागा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि मलाही ती चालीचाच एक भाग वाटत होती. ती माझ्या आईने मागच्या रांगेसाठी ठेवलेली होती. गेल्या भाद्रपदात चित्रपटगीताच्या चालीवर अष्टक झाले, तेव्हा मागच्या बायकांची द्रव्य घेताना तारांबळ उडाली, असे मंडळात बोलले गेले होते. त्याचे कारण त्या दिवशी उमगले.

सुदैवाने मूळ नोंदी शाबूत होत्या. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत. ती तशीच ठेवून दुरुस्तीची नोंद वेगळी करतात. त्या सवयीने मी रोजच्या मुद्रणाची प्रत तारीख घालून निराळी ठेवीत होतो. दुरुस्त केलेली पाच कडवी बाजूला ठेवली, मूळ पाच पुन्हा घेतली. त्या जागेवर नातीने शब्द लिहिले : ‘येथे थांबावे. मागे पाहावे.’

यातून दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, अशा चालींचे मुद्रण करताना यंत्राला सुधारणा करू देऊ नये. निदान मूळ प्रत अस्पर्श ठेवावी. आपल्याला जी चूक वाटते तिचे कारण आधी गाणाऱ्याला विचारावे. दोन, मिडीवर संपूर्ण भिस्त ठेवू नये. पट्टीवरून पट्टीवर बोट उडी मारते. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. ती मींड या नोंदींत नीट उतरत नाही. म्हणून मोबाईलवरील वहिनींचे गाणे, मिडीच्या नोंदी आणि वहीतले शब्द, असे तिन्ही आम्ही एकत्र ठेवले आहेत. एक प्रत घरी, एक पाठशाळेत आणि एक पुण्याच्या भाच्याकडे. मिडीची फाइल म्यूजस्कोरसारख्या मोफत प्रणालीत उघडली की पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखनही कागदावर छापता येते.

सध्या पाठशाळेच्या सात मुली दर रविवारी त्या फाइलवरून सराव करतात. आधी कमी गतीने, मग पूर्ण गतीने, आणि शेवटी लॅपटॉप बंद करून वहिनींसमोर. वहिनी आता फारसे गात नाहीत. शेवटच्या ओळीपूर्वी हात वर करतात, मुली थांबतात, मागे पाहतात, वहिनी हात खाली घेतात.

वाचकहो, आपल्याही गावात अशी एखादी वहिनी, काकू किंवा आजी असेल. भाद्रपदाला अजून अवकाश आहे. माळ्यावरचा प्रिंटर टाकून दिला असेल, तरी त्याची तार शोधून पाहा.