जोडधंदा आणि वेळेची मालकी

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पूर्वी एकच प्रश्न विचारला जाई : "कोठे नोकरीला आहेस?" अलीकडे त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : "आणि जोडीला काय करतोस?" आमच्यापैकी कोणी दिवसा कारकुनी करून रात्री दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचवतो, कोणी शिवणकाम करते, कोणी लग्नसराईत छायाचित्रण करतो, कोणी पहाटे शिकवण्या घेते. ही धडपड आम्हांस अभिमानास्पद वाटते. मात्र ती करताना एका गोष्टीचा हिशेब राहून जातो. तो येथे मांडावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक उपदेश बाजूला ठेवू. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असे आपल्याला वारंवार सांगितले जाते. पण वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेला आपला मुलगा किंवा मुलगी बहुधा घरातली पहिलीच पगारदार व्यक्ती असते. त्या एका पगारात आईवडिलांचे औषधपाणी, धाकट्या भावंडाची फी, गावाकडच्या घरावरचे पत्रे आणि शहरातल्या खोलीचे भाडे बसवावे लागते. ज्याच्या पाठीशी वडिलोपार्जित जमीन नाही, त्याचे अंथरूणच आखूड. त्याने पाय दुमडायचे तरी किती? अशा घरात जोडउत्पन्नाला हाव म्हणणे अन्यायाचे आहे.

स्वतः बाबासाहेबांनी वकिलीच्या अनिश्चित मिळकतीला जोड म्हणून १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. याच काळात, १९२७ साली, महाडचा सत्याग्रह झाला आणि 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. जोडकाम कशासाठी करायचे, याचा याहून स्वच्छ दाखला आम्हांस ठाऊक नाही. त्या अध्यापनाने त्यांच्या मुख्य कार्याला हात दिला, त्याची जागा घेतली नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे : जोडधंद्याची किंमत महिनाअखेरच्या आकड्यावरून ठरवू नये. त्या कामात आपल्या वेळेचा लगाम कोणाच्या हाती आहे आणि काम संपल्यावर आपल्यापाशी काय उरते, हे पाहावे.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घेऊ. तेथील असंख्य बायकांनी घरच्याच चुलीवर गिरणीकामगारांच्या खानावळी चालविल्या. काम घरातले आणि कष्ट स्वतःचे, पण धान्य भरण्यासाठी पैसा सावकाराचा. कमाईतला मोठा वाटा व्याजात जाई. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि संघटित झालेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. पोळ्या तेवढ्याच लाटाव्या लागल्या, पण पैसा हातात राहू लागला. पुढे १९८२ च्या गिरणी संपाने दुसरा धडा शिकविला. खानावळीत जेवणारेही गिरणीकामगारच असल्यामुळे नवऱ्याचा पगार थांबला, तसे जेवणाऱ्यांचे पैसेही आटले. घराची दोन्ही उत्पन्ने एकाच भिंतीला टेकलेली होती. जोडधंदा निवडताना त्याची भिंत शक्यतो वेगळी असावी, ही शिकवण त्यातून घ्यावी.

लिज्जत पापडाची सुरुवातही अशीच घरगुती. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग मांडला. पीठ घरी न्यायचे, सवडीने लाटायचे, पापड जमा करायचे आणि मजुरी घ्यायची, ही तिची रीत. येथे लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक आहे आणि नफ्यात तिचा वाटा आहे.

आज मोबाइलवरील अॅपही 'तुमच्या सवडीने काम करा' असेच सांगते. पण तेथे दर कंपनी ठरवते, जादा रकमेच्या अटी कंपनी ठरवते आणि कोणते काम कोणाला द्यायचे हेही तीच ठरवते. सवड आपली, पण बाकी सारे परक्याचे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल, असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने या कामगारांची प्रथमच कायद्यात दखल घेतली आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद केली. अशा कामात असलेल्या आपल्या बांधवांनी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवावी. नोंद नसलेल्याचा हक्क कागदावरच राहतो.

हिशेब तासाचा करावा, असा आमचा आग्रह आहे. समजा, रात्री चार तास राबून ४०० रुपये मिळाले. त्यातून पेट्रोलचे १२० आणि गाडीच्या झिजेचे ४० वजा केले, तर २४० उरतात. म्हणजे तासाला ६० रुपये. त्याच चार तासांपैकी एक तास संगणकीय लेखांकन, वायरिंग किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला दिला, तर आजचे साठ रुपये जातील, पण काही वर्षांनी तासाचा भाव वाढलेला असेल. गरजेपोटी आज रात्रीची फेरी करावी लागत असेल, तर जरूर करावी. पण ती कोणत्या वर्षी थांबवायची, हेही आजच ठरवावे. झोप विकून मिळविलेला पैसा पुढे दवाखान्यात खर्ची पडतो.

काही पथ्येही पाळावीत. शासकीय सेवेतील बांधवांनी सेवा-वर्तणुकीचे नियम पाहून व आवश्यक ती परवानगी घेऊनच अन्य काम स्वीकारावे. शिक्षकांना तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शिकवण्यांस मनाई केली आहे. घरबसल्या कमाईचे आमिष दाखवून जो आधी पैसे भरायला सांगतो, तो काम देणारा नसतो. त्याच्यापासून दूर राहावे.

पालकांना आमची हात जोडून विनंती आहे. दहावी-बारावीच्या मुलाला 'चार पैसे आणशील' म्हणून नियमित कामाला जुंपू नका. सुट्टीत हाताला वळण लागावे म्हणून एखादी कला जरूर शिकू द्या, परंतु त्याच्या शिकण्याच्या तासांचा सौदा करू नका. ते तास पुन्हा विकत मिळत नाहीत.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, खानावळवाल्या बायकांना जे साधले, ते आपल्यालाही साधेल. आपल्यात बँकेत काम करणारे आहेत, हिशेबनीस आहेत, वकील आहेत, कारागीर आहेत. शिवणकाम करणाऱ्या भगिनीला गणवेशांचे काम मिळवून द्यावे, कर्जाचा अर्ज भरून द्यावा, नव्याने शहरात आलेल्याला कराराचा कागद वाचून दाखवावा, एवढे तरी माजी विद्यार्थी संघाने या वर्षी सुरू करावे. एकेकटा राबणारा माणूस दुसऱ्याने ठरविलेला दर मुकाट्याने घेतो. दहाजण एकत्र आले, तर दर विचारण्याची ताकद येते. वसतिगृहात एका पंगतीत जेवलेल्यांना एकत्र येणे अवघड वाटू नये.